हॉटसीटपासून दहा फुटांवर

टीव्हीवरच्या क्विझ शोला जाऊन आले हे गावात कळल्यापासून लोक दोनच प्रश्न विचारतात, किती जिंकलीस आणि अभ्यास काय केलास. पहिल्याचं उत्तर आत्ताच देऊन टाकते, काही नाही, हॉटसीटवर पोचलेच नाही, समोरच्या दहा जणांत बसून आले. दुसऱ्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ते सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय. शोचं नाव लिहीत नाही कारण आमच्याकडून बऱ्याच कागदांवर सह्या घेतलेल्या आहेत आणि त्यातलं नक्की काय चालतं काय चालत नाही हे वाचायला माझ्याकडे वकील नाही. चार पर्यायवाला शो आहे एवढं समजून घ्या.

माझं कराडला मेडिकलचं दुकान आहे, डी फार्म केलंय. हे वेड लागलं ते २००० साली, तेव्हा मी हॉस्टेलला होते आणि ३ जुलैला केबीसी सुरू झालं, रात्री ९ वाजता मेसमधल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर सगळ्या मुली, वॉर्डन पण. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने १ कोटी जिंकले, आपला मराठी मुलगा, यूपीएससीचा अभ्यास करणारा, मेसमध्ये दिवाळीच झाली. त्याचा शेवटचा प्रश्न मला तेव्हा प्रचंड अवघड वाटलेला, संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी संविधान यापैकी कोणाला देतं. उत्तर महान्यायवादी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल. आता मागे वळून बघितलं तर एमपीएससी करणारं कुठलंही पोरगं झोपेत सांगेल, कलम ८८, दोन्ही सभागृहांत बोलता येतं पण मत देता येत नाही. आणि पर्यायांत सॉलिसिटर जनरल होता, ज्याचं पद संविधानात नाहीच, कलम ७६ मध्ये फक्त महान्यायवादी आहे. म्हणजे प्रश्न तसा सरळ होता, अवघड होती ती खुर्ची. हे मला नंतर नंतर कळत गेलं.

तर प्रोसेस. सुरुवातीला टीव्हीवर रोज रात्री एक प्रश्न दाखवतात, ठराविक वेळेत ॲपवर किंवा मेसेजने उत्तर द्यायचं. हे प्रश्न इतके सोपे असतात की चुकणार कोणीच नाही, लाखो लोकांची बरोबर उत्तरं येत असणार आणि त्यातून कॉम्प्युटर नावं उचलतो, त्यामुळे हा टप्पा ज्ञानाचा नाहीच, नशिबाचा आहे, आणि हे मान्य केलं की डोक्याला त्रास कमी होतो. मी दरवर्षी उत्तरं पाठवायचे आणि विसरून जायचे. यंदा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला, एक मुलगी म्हणाली तुमची निवड पुढच्या फेरीसाठी झालीय. आमचे हे शेजारीच बसलेले, त्यांनी लगेच हातानेच खूण केली की ठेव फोन. त्यांचं चुकलं नाही, केबीसीच्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागली म्हणून व्हॉट्सॲपवर किती लोकांना गंडवलंय, आमच्या दुकानातच एक आजोबा असा मेसेज घेऊन आलेले, त्यांना मीच समजावून घरी पाठवलेलं. मी त्या मुलीला म्हणाले पैसे कुठे भरायचे असतील तर मी आत्ताच ठेवते. ती हसली, म्हणाली काही भरायचं नाही, ओटीपी पण नाही, फक्त आता काही प्रश्न विचारणार आहे त्यांची उत्तरं द्या. मग विचारले, त्यातले काही चार पर्यायांचे आणि एक आकड्याचा, म्हणजे ज्याचं उत्तर सगळ्यात जवळ जाईल तो पुढे. फोन कानाला आणि एका हाताने गिऱ्हाइकाला पॅरासिटामॉल देत देत मी ती फेरी पार केली.

आकड्याच्या प्रश्नांबद्दल थोडं सांगते कारण लोक इथेच सगळ्यात जास्त घाबरतात. खरा प्रश्न सांगत नाही, माझ्या वहीतला सांगते. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे किती होते? आज ३६ आहेत हे सगळ्यांना माहीत. नंतर कुठले झाले ते मोजत मागे जायचं, १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ ला लातूर आणि गडचिरोली, १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ ला वाशीम आणि नंदुरबार, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, २०१४ ला पालघर. दहा झाले, ३६ मधून १० गेले, २६. पाठांतरवाल्याला २६ हा आकडा आठवला तर आठवला, नाहीतर गेला. पण मागे मोजत जाणाऱ्याचा एखादा जिल्हा सुटला तरी तो २७ म्हणेल, म्हणजे जवळच राहील. आणि आकड्याच्या प्रश्नात जवळ राहणं एवढंच तर करायचं असतं.

फोननंतर ऑडिशनची तारीख आली आणि घरात अभ्यास सुरू झाला. आता जीकेचा अभ्यास म्हणजे काय, त्याला सिलॅबस नाही, हद्द नाही. मी आधी बाजारातलं एक जाडजूड गाइड आणलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले, जगातील सर्वात उंच, सर्वात लांब, सर्वात खोल, चार पानांत डुलक्या. मुलगा नववीत आहे, तो म्हणाला मम्मी हे असं नको, तू मला प्रश्न करून दे मी तुला विचारतो. आणि त्या एका वाक्याने सगळं बदललं खरं तर, कारण प्रश्न वाचणं वेगळं आणि प्रश्न तयार करणं वेगळं. प्रश्न तयार करायला बसलात की कळतं की बरोबर उत्तर लिहायला दोन सेकंद लागतात, जीव जातो तो चुकीचे तीन पर्याय शोधण्यात. ते पर्याय उगाच कुठलेही चालत नाहीत, बरोबर उत्तराच्या घरातलेच लागतात. समजा मला विचारायचंय की बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला कुठलं वृत्तपत्र सुरू केलं. दर्पण. आता बाकी तीन काय देणार? केसरी दिला तर कोणीही बाद करेल, टिळकांचा आहे. म्हणून मग प्रभाकर शोधला, भाऊ महाजनांचा, १८४१. मग ज्ञानोदय, १८४२, मिशनऱ्यांचा. ज्ञानप्रकाश, १८४९, पुण्याचा. दर्पणचा एक प्रश्न करायला गेले आणि चार वृत्तपत्रं त्यांच्या वर्षांसकट डोक्यात बसली, वर केसरी १८८१ आहेच. शिवाय यातूनच क्रमाने लावा हा प्रश्न पण फुकटात तयार. तेव्हापासून मी गाइड बंद केलं आणि रोज रात्री दुकान बंद झाल्यावर प्रश्न लिहायचे, सकाळी मुलगा शाळेला जायच्या आधी मला विचारायचा.

ज्ञानपीठचं पण तसंच. मराठीत किती जणांना मिळालं म्हटलं की लोक पु. लं.चं नाव घेतात, पण पु. लं.ना नाही मिळालेलं. वि. स. खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा करंदीकर २००३, भालचंद्र नेमाडे २०१४. चारच. आणि चुकीचे पर्याय म्हणून पु. ल., अत्रे, गदिमा ही नावं इतकी चपखल बसतात की प्रश्न काढणारा खूश होत असणार. भारतरत्नात माझा आवडता प्रश्न म्हणजे वयाच्या १०० व्या वर्षी भारतरत्न कोणाला मिळालं, धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८ आणि पुरस्कार १९५८, सालं पण अशी की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

माझ्या धंद्यातले प्रश्न मला सोपे जातील असं वाटलेलं पण गंमत म्हणजे औषध रोज हातात असून त्याचा इतिहास माहीत नसतो. प्लेगची लस मुंबईत तयार झाली हे मला माहीत होतं, पण वाल्डेमार हाफकिनने ती जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून बघितली हे नव्हतं माहीत. इन्सुलिन १९२१, टोरांटोमध्ये, बँटिंग आणि बेस्ट, आणि त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला दिलं, हे वाचल्यावर मी फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या बॉक्सवरची किंमत बघत बसले जरा वेळ. पेनिसिलिन १९२८ फ्लेमिंग हे शाळेतलंच, पण भारतात सरकारने त्यासाठी पिंपरीला कारखाना काढला १९५४ मध्ये, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आज लोक पिंपरी म्हटलं की गाड्यांच्या कंपन्या म्हणतात आणि त्या गावात आधी पेनिसिलिन होतं. असे प्रश्न मिळाले की मला दिवसभर बरं वाटायचं.

सासूबाईंचा रोल वेगळाच. त्या सातवी शिकलेल्या, पण रामायण महाभारत, सण, नक्षत्रं, जुने सिनेमे, कुठली भाजी कुठल्या महिन्यात, यात त्यांना कोणी हरवू शकत नाही. त्यांना पर्याय द्यायची गरजच नाही, उलट पर्याय दिले की चिडायच्या, म्हणायच्या उत्तर माहीत असताना बाकीची तीन नावं कशाला ऐकवतेस गं. पावसाची नक्षत्रं आणि त्यांची वाहनं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली आमची, मृगाला कोल्हा की मेंढा, ते दर वर्षी पंचांगात बदलतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

एक मोठा घोळ म्हणजे बदलणाऱ्या गोष्टी. सगळ्यात जास्त चंद्र कोणाला? माझ्या गाइडात गुरू. २०२३ च्या सुरुवातीला गुरू खरंच काही महिने पुढे होता, मग त्याच वर्षी शनी पुढे गेला, आणि मार्च २०२५ मध्ये शनीचे एकदम १२८ नवे चंद्र मान्य झाले, एकूण २७४. मुलगा तर म्हणाला शनीला आता बघायलाच नको. तसंच एव्हरेस्ट, आम्ही ८,८४८ मीटर शिकलो, २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ जाहीर केलं. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. युनेस्कोच्या यादीत जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले गेले, आणि त्यातला हमखास प्रश्न हा की बारापैकी महाराष्ट्राबाहेरचा कुठला, जिंजी, तमिळनाडू. राजगड, रायगड सगळ्यांना येतात, जिंजीला लोक थांबतात. मी म्हणून गाइडवर भरवसा ठेवणं सोडलं आणि वहीत प्रत्येक आकड्यापुढे तो कधीचा आहे ते लिहायला लागले. स्थिर गोष्टींसाठी मराठी विश्वकोश फुकट ऑनलाइन आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं काम, पहिला खंड १९७६ चा, आणि वाई आमच्या जिल्ह्यातलं म्हणून जरा जास्तच अभिमान.

आणि सगळ्यांना माहीत असलेल्या पण खोट्या गोष्टी! भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे मी शाळेत निबंधात लिहिलंय. २०१२ मध्ये एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिलं की कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. चीनची भिंत चंद्रावरून दिसते हे पण तसंच, दिसत नाही. हे मी दुकानात सांगितलं तर एक निवृत्त गुरुजी माझ्यावर खरोखर रागावले, म्हणाले आम्ही तीस वर्षं हेच शिकवलं.

ऑडिशन पुण्याला होती. मोठा हॉल, खुर्च्या, आणि माणसं तरी किती प्रकारची. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून आलेली एमपीएससीची पोरं एका कोपऱ्यात एकमेकांना कलमं विचारत बसलेली, एक एसटी कंडक्टर ड्यूटी बदलून आलेला, एक आशाताई नंदुरबारहून रात्रभर प्रवास करून, एक निवृत्त मुख्याध्यापक टाय लावून. आधी लेखी, पर्यायवाले प्रश्न, वेळ कमी. पेपर मला मध्यम वाटला. इतिहास भूगोल ठीक, पण सिनेमा आणि खेळाच्या चालू घडामोडींत पोरं भराभर उत्तरं मारत होती आणि मी तिथे प्रत्येक प्रश्नाला पर्याय बाद करत बसले. पास झालेल्यांची नावं वाचली तेव्हा ते टायवाले सर बाहेर गेले, मला वाईट वाटलं, त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त येत होतं, फक्त त्यांना प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायची सवय होती.

मग कॅमेऱ्यासमोर मुलाखत. इथे बरेच जण गडबडतात कारण तयारी करतात जीकेची आणि इथे जीके विचारतच नाहीत. तुम्ही कोण, दिवसभर काय करता, एवढे पैसे मिळाले तर काय कराल. माझ्या आधीच्या सगळ्यांनी मुलांचं शिक्षण आणि घराचं लोन सांगितलं, बाहेर ऐकू येत होतं सगळं. आणि खोटं कशाला बोलू, मला पण तेच करायचं होतं. मी दुकानाबद्दल बोलले, लॉकडाऊनमध्ये शटर अर्धं वर करून रात्री उशिरापर्यंत औषधं दिली ते, आणि डॉक्टरांचं अक्षर. त्यातल्या एका मॅडमने कागदावर मुद्दाम काहीतरी गिरमिटलं आणि म्हणाल्या हे वाचून दाखवा. मी म्हटलं हे औषध नाही, तुमची सही आहे. सगळे हसले. मला वाटतं माझी निवड तिथेच झाली, शंभर जिल्हे पाठ असते तरी त्याने काही झालं नसतं. यात अन्याय आहे का, थोडा आहे, पण तो शेवटी टीव्हीचा कार्यक्रम आहे, परीक्षा नाही, आणि गप्प बसणारं हुशार माणूस तासभर कोण बघणार. २०१९ ला अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, १ कोटी जिंकल्या तेव्हा लोकांनी त्यांचं ज्ञान बघितलं तसंच त्यांचं बोलणं पण बघितलंच की.

वाट बघत बसलेलो तेव्हा एका सीए काकांनी सगळ्यांचा मूड घालवला. ते म्हणाले १ कोटी म्हणजे हातात १ कोटी नाही हां, बक्षिसावर सरळ ३० टक्के टॅक्स, तुमचा नेहमीचा स्लॅब इथे लागत नाही, वर रक्कम मोठी म्हणून सरचार्ज, वर सेस, ३४-३५ लाख गेले म्हणून समजा. कंडक्टर दादा म्हणाले काका आधी मिळू दे, मग मी आनंदाने भरतो.

स्टुडिओला बोलावल्यावर आधी कपड्यांच्या सूचना आल्या. बारीक रेघांचं, बारीक चौकड्यांचं नको कारण कॅमेऱ्यात ते लहरल्यासारखं दिसतं, कुठल्या कंपनीचं नाव असलेलं नको. माझी आवडती इरकल त्याच्या काठासकट पास झाली. मग फोन अ फ्रेंडची यादी. ही यादी म्हणजे घरातल्या लग्नाच्या आमंत्रणासारखी, कोणाला घेतलं नाही तर राग. माझे मोठे दीर गृहीतच धरून होते. पण वेळ मिळतो ३० सेकंद, आणि त्यात प्रश्न आणि चारही पर्याय आपणच वाचायचे, घड्याळ लावून बघा, नीट वाचलं तर निम्मा वेळ तिथेच गेला. म्हणजे समोरचा हॅलो कोण, हां बोल वहिनी, जेवलीस का, असं म्हणणारा असेल तर संपलं. मी सरळ विषय वाटून घेतले, खेळ आणि सिनेमाला मुलाच्या क्लासमधले सर, विज्ञानाला माझी हॉस्टेलची मैत्रीण, पुराणाला सासूबाई. सासूबाईंची तालीम घेतली, त्या तिसऱ्या सेकंदाला उत्तर देऊन फोन ठेवून द्यायच्या. दीर अजून नीट बोलत नाहीत.

शूटिंगचा दिवस म्हणजे वाट बघणं. मोबाईल काढून घेतले, मेकअप झाला, एसी इतका की साडीचा पदर दोन्ही खांद्यांवर. फास्टेस्ट फिंगर, म्हणजे दहा जणांत जो सगळ्यात आधी बरोबर क्रम लावेल तोच हॉटसीटवर, त्याच्या यंत्रावर सराव करून घेतात आणि तिथे मला पहिल्यांदा धास्ती वाटली, कारण उत्तर माहीत असणं आणि बोट बरोबर क्रमाने बरोबर जागी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारचा मुलगा मोबाईलवर गेम खेळून वाढलेला, त्याचं बोट दिसतच नव्हतं. मधेच कोणीतरी खोकलं आणि आमच्यातल्या एकाने इंग्लंडच्या त्या मेजरची गोष्ट काढली, चार्ल्स इन्ग्रम, २००१ साली याच शोच्या मूळ इंग्रजी अवतारात दहा लाख पौंडांपर्यंत गेला, शेवटचा प्रश्न होता एकावर शंभर शून्यं असलेल्या संख्येला काय म्हणतात, गूगॉल, आणि नंतर कळलं की बरोबर पर्याय आला की फास्टेस्ट फिंगरच्या खुर्च्यांतून खोकला यायचा. पैसे मिळाले नाहीत, २००३ ला कोर्टात दोषी ठरला, बायको आणि खोकणारा दोघांसकट. त्यानंतर आमच्यात जो खोकेल त्याच्याकडे सगळे वळून बघायला लागले. एका काकांना खरंच सर्दी होती बिचाऱ्यांना.

एपिसोड दाखवून झालाय त्यामुळे हे सांगायला हरकत नाही, आमचा फास्टेस्ट फिंगरचा प्रश्न होता, हे सण मराठी वर्षाच्या क्रमाने लावा, होळी, नागपंचमी, गुढीपाडवा, दत्तजयंती. एवढी वही भरली, शनीचे चंद्र मोजले, महाधिवक्ता आणि महान्यायवादी यातला फरक रटला, आणि प्रश्न आला तो सासूबाईंच्या खात्यातला. चैत्र, श्रावण, मार्गशीर्ष, फाल्गुन. दहाच्या दहा जणांना येत असणार असा प्रश्न, म्हणजे शर्यत फक्त बोटांची. माझं बरोबर आलं, बोर्डावर हिरवं दिसलं, पण वेळेत मी मधे कुठेतरी, आणि लातूरची एक बीएडची मुलगी कितीतरी आधी. ती उठून रडायलाच लागली, आम्ही टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, मग फ्लोअर मॅनेजर म्हणाले अजून एकदा वाजवा, शॉट घ्यायचाय.

नंतर तासन् तास तिचा खेळ समोर बसून बघितला आणि तो भाग मला खरं सांगते जिंकण्याइतकाच आवडला. जवळून बघताना कळतं की माणूस अडतो तो न येणाऱ्या प्रश्नाला नाही, अर्धवट येणाऱ्या प्रश्नाला. जे अजिबात येत नाही तिथे ती पटकन लाइफलाइन घ्यायची. पण एका सोप्या प्रश्नाला, उत्तर जवळजवळ ओठांवर, तिथे ती पाणी पीत, पुन्हा वाचत, एकेक पर्याय उलटसुलट करत बसली, आणि मी समोर हात घट्ट धरून, कारण ओठ हलले तरी कॅमेरा बघतो. प्रेक्षकांना विचारायची लाइफलाइन तिने एका संशोधकाच्या नावावर खर्च केली, तिथे चारही खांब जवळपास सारखे आले. प्रेक्षकांना सिनेमा विचारावा, सण, क्रिकेट, भाज्या विचाराव्यात, तिथे लोक सहसा चुकत नाहीत, पण जे पुस्तकातच सापडतं ते दीडशे जणांना विचारून काय मिळणार, सगळे आपापला अंदाज दाबतात. तिने चांगली रक्कम घेतली आणि योग्य जागी थांबली, आणि थांबणं हे पण यायला लागतं, घरी सोफ्यावर बसून आपण सगळेच खेळ खेळ म्हणून ओरडत असतो.

घरी आल्यावर वही मुलाने ताब्यात घेतली. मला मात्र सवय लागून गेली, पेपर वाचताना बातमी दिसत नाही, चार पर्याय दिसतात. मग काउंटरवर एक छोटा पांढरा बोर्ड लावला, रोज सकाळी एक प्रश्न, बरोबर उत्तराला एक खोकल्याची गोळी फुकट. आमच्याकडे खाशाबा जाधवांचा प्रश्न टाकायची सोयच नाही, गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर, १९५२ हेलसिंकी, कुस्ती, कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, शेंबडं पोर सांगेल. म्हणून गेल्या आठवड्यात उलटा लिहिला, हेलसिंकीत खाशाबांच्या पदकाशिवाय भारताला अजून एक पदक मिळालं ते कशात आणि कुठलं. दुसरं पदकच नव्हतं म्हणून तीन जणांनी माझ्याशी वाद घातला. हॉकी होतं, सुवर्ण. ते निवृत्त गुरुजी संध्याकाळी आले, बोर्ड वाचला, बीपीची गोळी घेतली, आणि म्हणाले हॉकी, आणि तो आपला राष्ट्रीय खेळ आहे हे पण लिही खाली. गोळी द्यावी लागली, उत्तर बरोबर होतं.